साडेसातशे फूट फुफाटा

मार्च-एप्रिलमध्ये नगर-बीडच्या पट्ट्यात मुक्काम केला, की रात्री कुठून तरी बोअरच्या गाडीचा आवाज येतोच. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका पाहुण्यांच्या शेतात अशी गाडी लागली होती. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवलेली. दीडशे फुटांवर जरा ओल लागली, आणि तिथून पुढे साडेसातशेपर्यंत नुसता फुफाटा. पहाटे गाडी गेली तेव्हा बांधावर राखाडी भुकटीचा ढीग राहिला होता. "आणखी शंभर फूट गेलो असतो तर लागलं असतं," पाहुणे म्हणाले.

लागलं नसतं बहुधा. जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात आणि पुरेसं खोल गेलं की त्या सापडतात, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. दख्खनचा खडक मात्र तसा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झाला. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ही छिद्रंही नंतर पांढऱ्या खनिजांनी बुजून गेली. मांजऱ्याखालचा काळा पाषाण घट्ट असतो, त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांत. सर्वांत वर ऊन-पावसाने कुजलेला मुरूम. आपली खरी टाकी म्हणजे हा मुरूम आणि त्याखालचे भेगाळ थर. जसजसं खोल जावं तसतशा वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. दोन थरांच्या सांध्यात कधी पाणी सापडतंही, पण ते वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं. दोन उन्हाळे धो धो चाललेली बोअर तिसऱ्या वर्षी गुळण्या टाकू लागते, ती त्यामुळे. आणि पाणाड्याचं म्हणाल, तर ओढ्याकाठी, जिथे मुरूम जाड आहे तिथे, नारळ उभा राहो की आडवा, थोडंफार पाणी लागतंच.

ही टाकी किती लहान आहे, हे एका आकड्यावरून कळतं. पाण्याने पूर्ण भरलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकातून, उपसून काढता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असतं. गंगेच्या गाळाच्या प्रदेशात तेच १० टक्क्यांच्या पुढे जातं. समजा ते आपल्याकडे २ टक्के आहे आणि पावसाळ्यात ४० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं. विहिरीची पातळी किती चढेल? तब्बल २ मीटर. दोन चांगल्या पावसांत विहिरी तुडुंब भरतात आणि लोक म्हणतात, यंदा चिंता मिटली. पण जी टाकी इतक्या पटकन भरते, ती तितक्याच पटकन रिकामीही होते. दिवाळीत काठावरून हात घालून घेता येणारं पाणी फेब्रुवारीत तळाला जातं, त्यात नवल काहीच नाही.

मग हिशोब मांडूनच बघू. गाव १,००० हेक्टरचं, पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे आभाळातून ४०० कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास खडकात मुरतं असं धरू: ४० कोटी लिटर. गावात दीड हजार माणसं, प्रत्येकाला रोज ५५ लिटर, तर वर्षाला ३ कोटी. गुराढोरांना आणखी दोन कोटी. उरले ३५ कोटी. वाचताना खूप वाटतात. पण एका हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २,००० मिलिमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी लागतं. पावसाने दिलेलं वजा केलं तरी दीड कोटीच्या वर उपसावंच लागतं. वीस-बावीस हेक्टर ऊस, की गावाचं पाणी संपलं! याच ३५ कोटींत रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाणी (म्हणजे अडचणीच्या वेळी पीक वाचवण्यापुरतं) द्यायचं ठरवलं, तर पावणेतीनशेहून जास्त हेक्टर भिजतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या पहिल्या गाडीतलं पाच लाख लिटर पाणी म्हणजे अडीच गुंठे उसाची वर्षभराची तहान.

नगरजवळच्या हिवरे बाजारचं कौतुक झाडांसाठी आणि बांधबंदिस्तीसाठी होतं, पण माझ्या मते तिथली खरी कमाल हा हिशोब आहे. सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या या गावात पावसाची नोंद गावच ठेवतं. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल त्यात पिकं. पाऊस कमी, तर रब्बीचं क्षेत्र कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावानेच ठरवलं. पाणी अडवायला अनुदान मिळतं, उपसा कमी करायला सहसा मिळत नाही. म्हणून दुसरं काम अवघड आणि जास्त मोलाचंही.

शेततळ्याबद्दलही बोलायला हवं. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी त्यात धरलं तर उत्तम. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि विहीर-बोअरचं पाणी उपसून ते भरायचं, हे मला कधीच पटलं नाही. आपल्या कोरड्या भागात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन उडतं. खडकात सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, वर वीजबिल भरायचं! शिवाय ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनही आलेलं असतं, कारण खालच्या भेगांना बांध माहीत नसतात. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला राज्याच्या भूजल कायद्याने मनाई आहे, तीही याचसाठी.

सुरुवात करायला दोरी आणि दगड पुरतो. रात्रभर मोटर बंद ठेवायची, पहाटे काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, असं चार वेळा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींत हेच करते, पण तुमच्या वाडीतली विहीर त्यांच्या यादीत असेलच असं नाही. आमच्या पाहुण्यांनी यंदा बोअरऐवजी जुन्या विहिरीतला गाळ काढला. कठड्याच्या आतल्या बाजूला गेरूने दोन आकडे लिहिलेत: ऑक्टोबरचा ११ फूट, जानेवारीचा २६. खाली मार्चसाठी जागा मोकळी आहे, आणि कांदा किती लावायचा यावर घरात अजून वाद चालू आहे.