जाड हृदय: बीपीमुळे की जन्मजात जनुकामुळे?

मे महिन्यात एकाच दुपारी माझ्या टेबलावर दोन इको रिपोर्ट होते, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे. एक आप्पांचा. वय ५८, केळीचा बागाईतदार माणूस, बीपी कित्येक वर्षं १७०च्या घरात, गोळी आठवण झाली तर. दुसरा १९ वर्षांच्या पोराचा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे १६०० मीटर पळायचा आणि शेवटच्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळला. दोन्ही रिपोर्टांत मजकूर एकच: डाव्या कप्प्याची भिंत जाड.

पोराच्या वडिलांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात बीपी सगळ्यांनाच. त्याचंच ना हे?"

नाही. इथेच गल्लत होते.

आप्पांच्या हृदयाचा स्नायू मुळात धडधाकट आहे. केळीचे घड वाहून हमालाचा खांदा भरतो, तसंच त्यांच्या हृदयाचं झालंय. समोर दाब जास्त, प्रत्येक ठोक्याला जोर जास्त, म्हणून स्नायूच्या पेशी शेजारीशेजारी नवे धागे घालत जातात. भिंत साधारण सगळीकडून सारखी जाड होते आणि बहुधा १५ मिलिमीटरच्या आत राहते. आप्पांची १३ होती. निरोगी भिंत ११पर्यंत. यामागे मीठ, वजन, तंबाखू, चुकवलेल्या गोळ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात डबेच्या डबे पापड होतात. त्यातलं मीठ आणि पापडखार दोन्ही बीपी वाढवणारे, हे मी दरवर्षी सांगतो. दाब आवरला की काही महिन्यांत ही जाडी उतरू लागते.

पोराचं बीपी होतं ११६/७४. हृदयाचा मधला पडदा मात्र २१ मिलिमीटर आणि मागची भिंत जेमतेम १०. भार कसलाच नाही, तरी एकाच जागी एवढी वाढ! हा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. साधारण ५०० माणसांत एकाला असतो.

याचं कारण स्नायूच्या घडणीतच आहे. हृदय आकुंचन पावतं ते मायोसिन नावाच्या प्रथिनानं शेजारचा धागा ओढल्यामुळे. या मायोसिनच्या जनुकातला दोष १९९० साली पहिल्यांदा सापडला. दुसरं महत्त्वाचं जनुक आहे मायोसिनला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचं. लगाम ढिला पडला की स्नायू गरजेपेक्षा जास्त ओढतो, जास्त ऊर्जा खातो आणि ठोका संपल्यावर नीट सैल पडत नाही. हळूहळू पेशींची रचना विस्कटते. नीट बांधलेली पऱ्हाट्यांची मोळी आणि बांधावर कशाही फेकलेल्या पऱ्हाट्या, एवढा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मधेमधे वण तयार होतात आणि त्यातूनच ठोक्यांची जीवघेणी गडबड उठू शकते.

जनुकांची तपासणी केली तरी प्रत्येकात दोष सापडतोच असं नाही. बऱ्याच रुग्णांत अहवाल कोरा येतो, म्हणून आजार नाही असं होत नाही. फॅब्रीसारखे काही दुर्मीळ आजारही हुबेहूब असंच चित्र उभं करतात, ते वेगळे काढावे लागतात. आणि व्यायामाचं म्हणाल, तर कसलेल्या खेळाडूची भिंतही थोडी जाडावते, पण त्याचा कप्पाही मोठा होतो आणि सराव थांबवला की जाडी उतरते. पळण्यानं २१ होत नाही.

फरक ओळखण्यावर एवढा जोर का, ते सांगतो. एकदाच मोजलेल्या बीपीवरून या पोराला कुठेतरी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती. आप्पांना ती औषध आहे. पोराच्या जाड पडद्यामुळे रक्त बाहेर पडायची वाट आधीच अरुंद. अंगातलं पाणी कमी झालं की कप्पा कमी भरतो आणि वाट आणखी आवळते. त्यात आमचा ४५ अंशांचा उन्हाळा. ती गोळी मी त्याच दिवशी बंद केली, बीटा ब्लॉकर हे ठोके संथ करणारं औषध सुरू केलं, पळणं थांबवायला सांगितलं. पोरगं रडलं. त्याच्या भरतीचं स्वप्न माझ्या एका वाक्यानं अडलं, हे मला अजून टोचतं.

मग घरचा इतिहास विचारला. आजी म्हणाल्या, पोराचा काका २६व्या वर्षी शेतात पळता पळता गेला, लोकांनी उष्माघात धरला. कदाचित असेलही. पण हा दोष आईकडून येवो वा वडिलांकडून, प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. कुणाच्या माहेरावर किंवा सासरावर खापर फोडायचं कारण नाही. हे मी त्या घरात दोनदा सांगितलं, कारण बोट पोराच्या आईकडे वळत होतं.

आप्पांच्या मुलांना मी बीपी मोजायला सांगितलं. पोराच्या घरी मात्र आई-वडील, भाऊ, बहीण सगळ्यांचा इको केला. वडिलांची भिंत १६ निघाली. बीपी त्यांनाही होतं, म्हणून आजवर कुणाला शंका आली नव्हती. बारा वर्षांच्या बहिणीचं हृदय आज मापात आहे. ही जाडी पुष्कळदा वयात येताना उमटते, म्हणून तिचा पुढचा इको येत्या मे महिन्यात.