हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा का येतो?

सतत थकवा जाणवतो म्हणून रक्त तपासले, हिमोग्लोबिन ठरलेल्या मर्यादेत आले आणि विषय तिथेच मिटला, असे अनेकांच्या बाबतीत घडते. ‘रक्त तर चांगले आहे’ एवढ्या आधारावर थकलेल्या माणसाला आळशी किंवा मनाने कमकुवत ठरवले जाते. हा निष्कर्ष अन्यायकारक आहेच, शिवाय शास्त्राच्या कसोटीवरही तो टिकत नाही.

थकव्याची कारणे अर्थातच अनेक आहेत. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप आवश्यक असते आणि ती वर्षानुवर्षे न मिळणे हे सर्वांत साधे कारण आहे. स्लीप ॲप्नियामध्ये झोपेत श्वास वारंवार अडतो, त्यामुळे पुरेसा वेळ अंथरुणात काढूनही झोप तुटक होते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, ॲलर्जीवरच्या काही गोळ्या, विषाणुसंसर्गानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारा अशक्तपणा, ही कारणेही डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहेत. मात्र हिमोग्लोबिनच्या आकड्याआड सहज लपून राहणारे कारण म्हणजे लोहाची कमतरता, आणि शरीर लोह कसे सांभाळते हे जीवशास्त्रातील अत्यंत देखणे प्रकरण असल्यामुळे त्याकडे सविस्तर पाहायला हवे.

प्रौढ शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनमध्ये असते, बराचसा भाग फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलेला असतो आणि थोडा भाग स्नायूंत व पेशींतील तंतुकणिकांत, म्हणजे पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांत, असतो. हा शेवटचा भाग थोडा असला तरी महत्त्वाचा आहे. तंतुकणिकांमध्ये अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि या प्रवासातून पेशीला ऊर्जा मिळते. त्या प्रथिनांतील लोहाचे अणू इलेक्ट्रॉन घेतात आणि पुढे देतात. म्हणजे लोह ऑक्सिजन वाहून आणण्यासाठी जसे लागते, तसेच आणलेला ऑक्सिजन वापरण्यासाठीही लागते.

लोह कमी पडू लागले की शरीर आधी साठा वापरते आणि तांबड्या पेशींची निर्मिती शक्य तितका काळ चालू ठेवते. त्यामुळे फेरिटिन आधी घसरते, हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी. या मधल्या काळात, रक्तक्षय नसतानाही, थकवा येऊ शकतो. फ्रान्समधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत, हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी असलेल्या आणि थकव्याचे दुसरे कारण न सापडलेल्या सुमारे २०० स्त्रियांपैकी निम्म्यांना १२ आठवडे लोह आणि उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी देण्यात आली. लोह घेणाऱ्यांच्या थकव्याचे गुण सुमारे ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटाचे सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. दुसरा आकडाही विसरता कामा नये, कारण कोणत्याही ‘शक्तिवर्धक’ औषधाने बरे वाटल्याचे अनुभव त्या २९ टक्क्यांतूनच जन्म घेऊ शकतात.

आता या व्यवस्थेचे मर्म पाहू. जादा झालेले लोह ठरवून बाहेर टाकण्याची सोय मानवी शरीरात नाही. झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह जाते आणि तेवढेच आतड्यातून आत घेतले जाते. रोजच्या रक्तनिर्मितीला मात्र २० ते २५ मिलिग्रॅम लागते. ते मुख्यतः सुमारे १२० दिवस जगून संपलेल्या तांबड्या पेशींमधून परत मिळवले जाते, आणि हे काम प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी करतात. आतड्याची पेशी असो वा भक्षक पेशी, तिच्यातून रक्तात जाण्यासाठी लोहाला एकच दार असते, ते म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. हे दार हेप्सिडिनच्या ताब्यात असते. केवळ २५ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक यकृतात तयार होते आणि २००० च्या सुमारास त्याचा शोध लागला. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला चिकटले की पेशी ते दार आत ओढून नष्ट करते. मग आतड्याच्या पेशीत शिरलेले लोह तिथेच अडकते आणि काही दिवसांत ती पेशी झडली की मलावाटे निघून जाते.

साठा भरलेला असेल तर यकृत हेप्सिडिन वाढवते आणि रिकामा असेल तर कमी करते. पण शरीरात दाह, म्हणजे संसर्गामुळे किंवा आजारामुळे येणारी सूज, असतानाही, इंटरल्युकिन-६ या रेणूच्या इशाऱ्यावरून, हेप्सिडिन वाढते. जिवाणूंनाही लोह लागत असल्याने संसर्गाच्या काळात ते दडवून ठेवणे फायद्याचे ठरते. संधिवातासारखा दाह मात्र वर्षानुवर्षे टिकतो आणि तेव्हा साठ्यात लोह असूनही तांबड्या पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला ते मिळत नाही. शिवाय दाहामुळे फेरिटिनही वाढते, त्यामुळे त्याचा आकडा फसवा ठरतो. निरोगी प्रौढाचे फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटना लोहाची कमतरता मानते, पण दाह असेल तर हीच मर्यादा ७० धरली जाते. अशा वेळी ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनावर प्रत्यक्ष किती लोह चढले आहे तेही पाहतात.

लोहाची गोळी घेतली की हेप्सिडिन वाढते आणि सुमारे २४ तास चढे राहते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. झुरिचमधील संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये दाखवून दिले की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून तुलनेने अधिक लोह शोषले जाते. रोज दोनदा गोळी घेतली म्हणजे दुप्पट लाभ होतो, हा समज त्यामुळे टिकत नाही.

थकवा आहे म्हणून तपासणीविना लोह सुरू करणेही तितकेच चुकीचे आहे. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात हेप्सिडिन कमी पडते, दार सतत उघडे राहते आणि लोह यकृत, हृदय व स्वादुपिंडात साचत जाते. या विकाराच्या सुरुवातीच्या लक्षणांत थकवाच आढळतो, आणि अशा व्यक्तीला लोहयुक्त टॉनिक अपायच करते. ‘रक्तशुद्धी’ आणि ‘डिटॉक्स’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयांना तर या साऱ्या यंत्रणेत कुठेच जागा नाही, कारण लोहाचे नियमन यकृत करते आणि त्याला हवी असलेली माहिती कोणत्याही पेयातून मिळत नाही.

कमतरता सिद्ध झाल्यावरही, लोह गेले कुठे, हा प्रश्न उरतोच. मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव, गर्भारपण आणि वारंवार रक्तदान ही उघड कारणे आहेत. एका रक्तदानात २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह जाते, म्हणजे आहारातून ते भरून निघायला काही महिने लागतात. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत मात्र अशी कमतरता आढळली, तर पोटात किंवा आतड्यात कुठे नकळत रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टर आवर्जून तपासतात. जठरातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग कधीकधी पहिल्यांदा याच वाटेने लक्षात येतो, आणि गोळ्यांनी थकवा ओसरला म्हणून तपासणी लांबणीवर टाकली तर निदानाला उशीर होतो.