सावरलेलं पोर आणि गप्प झालेलं पोर, यात लोक नेहमी गोंधळतात

बाप गेल्यावर पंधरा दिवसांत पोरगं शाळेत येतं, गृहपाठ करून आणतं, मस्ती नाही की हट्ट नाही, माय वावरात गेली की धाकटीला सांभाळतं, आणि सगळं गाव म्हणतं बघा किती समजदार झालं पोरगं. दुसरं एक पोरगं तेरवीच्या दिवशीच मंडपात पकडापकडी खेळतं, बुंदी मागून खातं, रात्री मायच्या कुशीत हुंदके देऊन रडतं आणि सकाळी परत खेळायला पळतं. त्याला म्हणतात, याला बापाचं काहीच नाही. यवतमाळकडच्या गावांत हे इतक्यांदा ऐकलंय की लिहायला बसलो, कारण बऱ्याचदा काळजी करायची असते ती पहिल्या पोराची.

लहान पोरांचं दुःख मोठ्यांसारखं सलग नसतं, तुकड्यातुकड्यात येतं. थोडं रडायचं, मग खेळायचं, मग अचानक जेवताना विचारायचं की बाबांना तिकडं भूक लागत असेल का. मेलेलं माणूस परत येत नाही हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळायला लागतं, त्याआधी ते "बाबा कधी येणार" हे वीस वेळा विचारणार आणि वीस वेळा तेच खरं उत्तर द्यावं लागणार. आपण सांगतो बाबा झोपलेत, गावाला गेलेत. मग पोरगं झोपायला घाबरतं, किंवा माय बाजाराला निघाली तरी तिचा पदर सोडत नाही. खेळणारं पोरगं दुःख विसरलेलं नसतं, त्याला झेपेल तेवढंच ते एका वेळी घेतं.

गप्प झालेल्या पोराचं वेगळं असतं. त्याला कुणीतरी अंगणात सांगितलेलं असतं की आता घरातला कर्ता तूच, रडायचं नाही, मायकडे बघ. ते बिचारं खरंच रडत नाही. आत मात्र हिशोब चालू असतो, त्या दिवशी मी वह्यांसाठी पैसे मागितले म्हणून बाबा गेले का. या वयात पोरं घडलेल्या गोष्टीचं कारण स्वतःकडे ओढून घेतात, आणि कुणी विचारलंच नाही तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्यात शेतकरी बापाने आत्महत्या केली असेल तर घरी सांगतात अटॅक आला, शाळेत पोरं वेगळंच सांगतात, आणि सरकारी मदतीसाठी चौकशी करायला आलेली माणसं अंगणात बसून प्रकरण पात्र की अपात्र हे बोलतात. एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव, हे सगळं ते पोरगं दाराआडून ऐकत असतं. बापाच्या मरणाला अपात्र म्हणतात हे दहा वर्षांच्या पोराने कसं समजून घ्यायचं, तुम्हीच सांगा.

मग ओळखायचं कसं? रडतं की नाही यावरून तर अजिबात नाही. बापाचं नाव निघालं की काय करतं ते बघा. सावरत असलेलं पोरगं स्वतःहून आठवण काढतं, बाबा बैल कसे धुवायचे ते सांगतं, कधी चिडतं, पण खेळ आणि दोस्त सुटलेले नसतात. दुसरं पोरगं नाव निघालं की उठून जातं, रोज सकाळी त्याचं पोट दुखतं आणि दवाखान्यात काहीच निघत नाही, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत सुरू होते, वर्गात नजर फळ्यावर पण लक्ष नाही. यातलं एखादं लक्षण काही आठवडे दिसलं तर घाबरू नका. पण सहा महिन्यांनंतरही बापाची ओढ तेवढीच तीव्र आणि शाळा, झोप, खेळ सगळंच बिघडलेलं, तर तो लांबलेल्या शोकाचा विकार असू शकतो. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, त्याची वेगळी नोंद आहे. आणि पोरगं मरायचं बोललं, किंवा "मला बाबांकडे जायचंय" म्हणालं, तर सहा महिने बिलकूल थांबायचं नाही, त्याच दिवशी जवळ बसवून सरळ विचारायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

एक मात्र लक्षात ठेवा, पोळा आला की सावरलेलं पोरगंही कोसळतं. तान्ह्या पोळ्याला बाकीची पोरं लाकडी बैल घेऊन निघतात आणि हे घरात बसून राहतं. दोन-चार दिवसांत परत खेळायला लागलं तर ते बिघडलेलं नाही, आठवण आली एवढंच.

प्रत्येक पोराला डॉक्टर लागत नाही, आणि तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ असतोच असंही नाही. केनिया आणि तांझानियात आई किंवा वडील गमावलेल्या ६४० मुलांवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. तिथे तज्ज्ञ नव्हे, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं मुलांचे समुपदेशनाचे गट घेत होती आणि सांभाळणाऱ्या मोठ्यांनाही सोबत घेत होती. केनियात गटातल्या मुलांत पडलेला फरक वर्षभर टिकला, तांझानियात मात्र वर्षभरानंतर गटातली आणि गटाबाहेरची मुलं सारखीच सावरलेली दिसली. म्हणजे ही जादू नाही, पण आपल्याकडच्या आशाताई आणि झेडपीचे गुरुजी नीट प्रशिक्षण मिळालं तर असं काम करू शकतील असं मला मनापासून वाटतं. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात घरातल्या पोरांकडेही तेवढंच लक्ष जायला हवं. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये मिळवायला मायला मदत करा, एकच पालक असलेल्या मुलांनाही ती लागू आहे, कारण वह्यांचे पैसे मागायला घाबरणाऱ्या पोराला पैसे आहेत हे कळणंसुद्धा मोठं असतं.

आणि गुरुजींनो, हजेरीपटावर त्याच्या नावासमोर बाप गेल्याची तारीख बारीक अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या आठवड्यात ते पोट धरून बसलं तर ओरडू नका, मधल्या सुट्टीत शेजारी बसा आणि विचारा, तुझे बाबा बैलांना काय नावानं हाक मारायचे रे?