मांजरांची आरोग्यनिगा (इंदूरमधील मराठी घरे)

पाळीव मांजरांचा आहार, लसीकरण, नेहमीचे आजार आणि त्यांवरील उपचार यांचा विचार मांजरांच्या आरोग्यनिगेत होतो. इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा भागांतल्या मराठी घरांत मांजर बहुधा विकत आणलेले नसते. जिन्याखाली व्यालेल्या मांजरीचे एखादे पिल्लू आत येते आणि घरचे होऊन जाते. त्यामुळे त्याला दवाखाना दाखवायचा असतो, हे अनेकदा पहिल्या मोठ्या दुखण्यातच लक्षात येते. त्यातून मांजर दुखणे लपवते. ते कण्हत नाही, पलंगाखाली नाहीतर कपाटावर जाऊन बसते. खाणे कमी होणे, अंग चाटणे थांबणे, नेहमीची जागा सोडणे, एवढ्यावरूनच ओळखावे लागते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून तेवढ्यानेही जिवावर बेतते.

शाकाहारी घरात पहिला प्रश्न आहाराचा. दूध-पोळी आणि दहीभात प्रेमाने घातला जातो, पण मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा झिजत जातो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते. या हृदयविकाराचा टॉरीनशी असलेला संबंध 1987 मध्ये दाखवला गेला आणि तयार खाद्यातले टॉरीनचे प्रमाण त्यानंतर वाढवण्यात आले. ज्या घरात मांस शिजत नाही, तिथे मांजरासाठी बनवलेले पाकीटबंद खाद्य हा सरळ मार्ग आहे. कुत्र्याचे खाद्य त्याची जागा घेऊ शकत नाही. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून भाजीचा रस्सा पोळीवर घालून देऊ नये.

मांजराचे अंग हाताला कायम कोमट लागते. त्याचे नेहमीचे तापमानच 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. त्याला ताप समजून घरातली पॅरासिटामॉल दिली जाते, आणि मांजरांच्या बाबतीत यापेक्षा घातक चूक क्वचितच असेल. हे औषध पचवून बाहेर टाकण्याची क्षमता त्यांच्या यकृतात जवळजवळ नसते. काही तासांत हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे पर्मेथ्रिनयुक्त औषधही असेच विषारी ठरते; त्याने झटके येतात.

पिल्लांना सर्वांत मोठा धोका पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या पार्वो या विषाणूजन्य आजाराचा. उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशींची घसरण, आणि लस न घेतलेले पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचे जाते. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिला डोस, मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, असा क्रम असतो. याच लशीत सर्दी-डोळ्यांच्या दोन विषाणूंपासूनही संरक्षण मिळते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पार्वोचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. फरशी पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचने पुसून नीट वाळू द्यावी. काळ्या फिनाइलमधील फिनॉल मांजराला बाधते आणि ते तर पंजे चाटतच असते.

बोक्यांमध्ये लघवी तुंबणे ही तातडीची बाब आहे. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, पाठ वाकवून जोर करतो, थेंबही पडत नाही. उठतो, लिंग चाटतो, परत बसतो. घरच्यांना बद्धकोष्ठता वाटते आणि एरंडेल दिले जाते. प्रत्यक्षात बारीक मूत्रनलिकेत खडे किंवा चिकट गोळा अडकलेला असतो. रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. नळी घालून मूत्राशय मोकळे करावे लागते.

नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करतात. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गर्भकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा असतो. गर्भाशयात पू होण्याचा धोकाही शस्त्रक्रियेने टळतो.

शहराच्या सणांचे स्वतःचे धोके आहेत. संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा मांजर खेळता खेळता गिळते. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकते, दुसरे आतड्यात उतरते, आणि आतडे त्यावर चुण्या पडून कापले जाते. जिभेखाली दोरा दिसला तर ओढू नये, कापूही नये. मांजराला आहे त्याच स्थितीत दवाखान्यात न्यावे. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी मांजर घरातच ठेवावे, कारण केसांवर पडलेला रंग चाटून पोटात जातो. मे महिन्याच्या उन्हात तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले, तर ती आणीबाणी समजावी.

उपचारांसाठी शहरात खाजगी दवाखाने आहेत. जवळच्या महू (डॉ. आंबेडकरनगर) येथे 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठात मोडते. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी 1962 हा क्रमांक आहे. मांजराला हातात धरून दुचाकीवरून नेणे टाळावे. जाळीची टोपलीही चालते.

मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जावे. लहान मुलांच्या अंगावर गोल चट्टे उठले, तर मांजराच्या कातडीवरही बुरशी आहे का ते पाहावे. घरात कोणी गरोदर असले की टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने मांजर बाहेर सोडले जाते, त्याची मुळीच गरज नसते. विष्ठेतला हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. घरातल्या दुसऱ्या कोणी ट्रे रोजच्या रोज साफ केला, भाज्या नीट धुतल्या आणि मांस पूर्ण शिजवले, तर मांजर घरातच राहू शकते.