ठाण्याचा वाईन-नकाशा कोरा का दिसतो

राज्यातल्या वायनऱ्या नकाशावर टिपायला घेतल्या की नाशिक, दिंडोरी, निफाडच्या बाजूला ठिपक्यांची दाटी होते. कसारा घाट उतरला की शहापूरपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत नकाशा जवळजवळ कोरा. विचारलं तर सगळे हवामानाकडे बोट दाखवतात. ते बरोबरच आहे. वाईनच्या द्राक्षाला कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात आणि दमट हवेत वेलीवरचा केवडा, म्हणजे पानं-घड नासवणारी बुरशी, हटता हटत नाही. पण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं सरकारी कागदांत आहे.

नारायणगावची वाईन 1980च्या दशकात आली, पण आजचा नकाशा घडवला तो 2001च्या धोरणाने. त्याचं नावच ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ झालं, नाशिकमधल्या विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला वाईन पार्क आखले गेले. पुढे वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजनाही आली. द्राक्ष बागायतदाराला याचा मोठा आधार झाला, हे कोणी नाकारू नये. पण सवलत एका फळाच्या नावाने निघाली आणि त्या फळाचा पट्टा घाटावर होता. कोकणातल्या चिकू, जांभूळ, काजूबोंडाला त्या नावात जागा नव्हती. माझ्या मते ठाण्याच्या कोऱ्या नकाशाचं हे पावसाइतकंच मोठं कारण आहे.

चिकूचं उदाहरण घ्या. घोलवड-डहाणूचा चिकू झाडावरून उतरवला की चार-पाच दिवसांत पिकतो आणि पिकला की थांबत नाही. बाजार पडला तर क्रेटच्या क्रेट वाया. अशा फळाची वाईन करणं हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सरळ हिशोब आहे. बोर्डीला चिकूच्या वाईनची वायनरी उभीही राहिली. पण 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू तालुका त्याच्याबरोबर गेला. जिल्हावार नकाशात ती वायनरी आता ठाण्याची नाही. जुनी हद्द धरली तर ठाणे हा फळांच्या वाईनचा जिल्हा ठरतो, नवी धरली तर नाही. नवी मुंबईची तर आणखी अडचण. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. एकाच शहराची नोंद दोन रकान्यांत जाते.

सगळ्यात मोठा गुंता मात्र ‘वाईन’ या शब्दाचाच. फोनवरच्या नकाशात ठाणे स्टेशनजवळ ‘वाईन’ शोधून पाहा. पडदा ठिपक्यांनी भरून जातो. त्यातला प्रत्येक ठिपका दुकान असतो आणि त्या दुकानात व्हिस्की, रम, बिअर पुढे, वाईनच्या बाटल्या कोपऱ्यातल्या एका फळीवर. आपण पिढ्यान्‌पिढ्या दारूच्या दुकानाला ‘वाईन शॉप’ म्हणत आलो. म्हणूनच जानेवारी 2022 मध्ये मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा एवढा गदारोळ उठला. समर्थक सांगत होते, वाईन म्हणजे दारू नव्हे. विरोधक विचारत होते, मग दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय? दोघंही आपापल्या शब्दकोशातून बोलत होते. करण्याच्या पद्धतीने पाहिलं तर फरक स्पष्ट आहे: वाईन फळाचा रस आंबवून होते, ती भट्टीवर चढत नाही. कायद्याने पाहिलं तर दोन्ही मद्यच, दोन्हींना परवाना लागतो. घरच्या माणसाने पाहिलं तर दोन्हींनी नशा येते. हे तिन्ही अर्थ एकत्र कालवले तर कसलाच नकाशा नीट होणार नाही. टिपायचं काय, आंबवण्याचं ठिकाण की विकण्याचं, हे आधी ठरवावं लागतं.

त्याच वर्षी काजूबोंडाच्या आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचा निर्णय झाला. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. ती मऊ, पिवळसर फुलं अंगणात वाळत घातली की मनुकांसारखी तपकिरी होतात. त्या फुलाचं मद्य कागदावर विदेशी! उद्देश चांगला होता, देशी दारूच्या चौकटीतून त्याला बाहेर काढण्याचा. पण शब्द पाहून माझ्या पोटात कालवतं.

कारण या फुलाशी इथल्या सरकारांचा व्यवहार जुना आहे. 1878च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद होत गेल्या आणि मोहाची दारू उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांतून मुंबईला जाऊ लागली. पुढे 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. घाटाखालच्या आदिवासीच्या हातातून त्याचं फूल तेव्हा गेलं. उरण-पनवेल 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणजे त्या काळचा नकाशा काढला असता तर सगळ्यात ठळक ठिपका आजच्या न्हावा-शेवा बंदराशेजारी पडला असता.

आता पालघरमधल्या बहाडोलीच्या आणि ठाण्यातल्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मे अखेरीस बदलापूर स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणांत ती विकायला येतात आणि पहिल्या मोठ्या पावसात हंगाम आटोपतो. त्यांची वाईन झाली तर तिची नोंद फळाच्या गावावर करायची की परवान्याच्या पत्त्यावर, हे नकाशा करणाऱ्यांनी आत्ताच ठरवून ठेवावं.