शब्द ओठांवर येण्याआधी: डाऊन सिंड्रोम आणि वाचा-उपचार

डाऊन सिंड्रोम असलेले मूल तीन वर्षांचे झाले तरी दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नाही, म्हणून घरातील मंडळी त्याच्याशी बोलणेच हळूहळू कमी करतात, असे पुष्कळदा घडते. ही चूक महागात पडते, कारण या मुलांची समज बहुधा त्यांच्या बोलण्याच्या बरीच पुढे असते. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर जे मूल चप्पल घेऊन येते, त्याला तो शब्द कळलेला असतो. अडते ते उच्चारापाशी.

या स्थितीचे मूळ २१व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत आहे, हे पॅरिसमधील संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. या मुलांच्या ओठ, जीभ व गाल यांचे स्नायू सैल असतात आणि मुखपोकळी लहान असल्याने जिभेला वळायला जागा कमी पडते. मात्र सारा दोष जिभेवर टाकणे योग्य नाही. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, सर्दी झाली की पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि ऐकू येणे आठवड्यागणिक कमी-जास्त होते. मराठीत तर अर्थाचा मोठा भार शब्दाच्या शेवटावर असतो: ‘पेटीत’ आणि ‘पेटीला’ यांतला फरक अखेरच्या अक्षरात असतो, आणि तेच अक्षर आपण हलके उच्चारतो. म्हणून श्रवणचाचणी एकदा करून भागत नाही, ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते.

शिवाय, कानांनी ऐकलेले थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची क्षमता या मुलांत कमी असते, तर डोळ्यांनी पाहिलेले तुलनेने चांगले लक्षात राहते. वाचा-उपचारातील दोन प्रभावी वाटा येथूनच निघतात. पहिली खुणांची: ‘दे’, ‘अजून’, ‘पाणी’ हे शब्द स्पष्ट बोलता बोलताच हाताची ठरलेली खूण करायची. खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही पालकांची भीती समजण्यासारखी असली तरी अनुभव आणि संशोधन तिच्या विरुद्ध आहेत. तोंडचा शब्द जमू लागला की मूल बहुधा खूण आपोआप सोडते. दुसरी वाट वाचनाची, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी १९८०च्या दशकापासून हे काम पुढे नेले. ‘आई’, ‘आई आली’ असे ठळक अक्षरांतले कार्ड समोर असले की ऐकताना निसटणारा ‘आली’ डोळ्यांसमोर टिकून राहतो, आणि मूल वाचता वाचता दोन शब्द जोडून बोलू लागते.

मुलाचा गोंधळ होईल म्हणून घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला अजूनही काही पालकांना मिळतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या द्वैभाषिक मुलांचा कॅनडातील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही मुले डाऊन सिंड्रोम असलेल्याच एकभाषिक मुलांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. आजीची भाषा मात्र घरातून गेली, तर दिवसभर त्या मुलाशी सर्वांत जास्त बोलणारे माणूसच गप्प होते.