वेली गुलाबाला लोखंडी आधार: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

वेली गुलाब आपणहून चढत नाही. त्याला कारल्यासारखे ताणे नसतात आणि जाईसारखा तो वेढेही घालत नाही. लांब धुमारे फेकतो आणि काटे अडकतील तिथे रेलतो. त्यामुळे नुसती कमान उभी करून भागत नाही, फांद्या बांधाव्याच लागतात.

बांधायच्या त्या आडव्या. धुमारा सरळ वर जाऊ दिला की सगळा जोर शेंड्याला राहतो आणि फुलं शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दिसतात. तोच धुमारा वाकवून आडवा बांधला, की डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि त्यांवर कळ्या धरतात. म्हणून आमच्या भिंतीच्या चौकटीत आडव्या सळया जास्त असतात. खांब घेतलात तर फांदी त्याभोवती गोल फिरवत न्या. कोवळी असतानाच वळवा, जून झाली की मोडते.

एडवर्ड किंवा दमास्कसारख्या जुन्या सुवासिक गुलाबांना कमान लागत नाही. ती झुडपं, पावसात भिजलेल्या फुलांच्या भाराने झुकतात इतकंच. त्यांना कमरेएवढं तीन पायांचं कडं पुरतं, आणि ते कमानीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

आता गंज. लोखंड आधी सडतं ते मातीलगतच्या वीतभर पट्ट्यात. म्हणून वेल्डिंग आणि भोकं पाडून झाल्यावर अख्खा सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून घेतो. पुढे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. नुसत्या पावडर कोटिंगला चीर गेली, की गंज पापुद्र्याखालून पसरतो आणि वरून पत्ताही लागत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांना तसला माल आम्ही देतच नाही.

कमानीचे पाय दीड फूट खोल, काँक्रीटमध्ये. आधी आधार, मग रोप. चौकट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, हवा खेळली की भुरी आणि काळे ठिपके कमी येतात. बांधायला सुतळी घ्या, तार फांदीत रुतते. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मेमध्ये सळई चांगलीच तापते, तिथे फिका रंग निवडा.

ऑक्टोबरच्या छाटणीत माळी वेली गुलाबही झुडपासारखा खाली आणू पाहतो, तेवढं थांबवा. वाळलेलं आणि अगदी जून लाकूडच काढायचं.

मोजमापाबरोबर वाणाचं नाव कळवा. माहीत नसेल तर फांदीचा आणि फुलाचा फोटो पाठवा. कुंडीतल्या रोपासाठी कमान मागू नका, वाऱ्यात कुंडीसकट आडवी होते.